'थोल' : उत्तरेकडच्या बोलींनी सांभाळलेले एक जुने इंग्रजी क्रियापद

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलफास्टच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या मुलीने आईला कळवले की तिथले वयस्क रुग्ण दुखण्याविषयी बोलताना 'थोल' असे एक क्रियापद वापरतात, आणि ते तिच्या शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये 'बोलीभाषेतील, जुने' एवढ्याच शेऱ्यानिशी सापडते. तिच्या एका सहकाऱ्याच्या मते हा 'टॉलरेट' या शब्दाचा खेडवळ अपभ्रंश आहे. इकडे पुण्यातील एका परिचितांनी छातीठोकपणे सांगितले की हा आपल्या 'तुला' (तराजू) या संस्कृत शब्दावरून तिकडे गेलेला आहे. यातले खरे काय, आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे आईने विचारले आहे.

ऐतिहासिक भाषाशास्त्र शिकवताना हा शब्द मी वर्षानुवर्षे उदाहरण म्हणून घेत आलो आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. निकाल आधी सांगतो. 'थोल'चे 'टॉलरेट'शी नाते आहे आणि 'तुला'शीही आहे, परंतु तो या दोहोंपैकी कोणापासूनही निघालेला नाही. 'टॉलरेट' इंग्रजीत सोळाव्या शतकात लॅटिनमधून आला. 'थोल' त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधीपासून इंग्रजीत लिहिला जात आहे. आधीच्या शब्दाला नंतरच्याचा अपभ्रंश म्हणणे कालक्रमालाच धरून नाही.

प्रथम आजचा अर्थ. स्कॉटलंड, अल्स्टर (आयर्लंडचा उत्तरेकडील प्रांत, बेलफास्ट त्यातच येते) आणि इंग्लंडचे नॉर्थम्बरलँड, डरॅमसारखे उत्तरेकडील परगणे येथे 'थोल' म्हणजे सोसणे, आणि तेही तक्रार करून काही उपयोग नाही हे ओळखून सोसणे. दुखणे, थंडी, गरिबी, घरातला मृत्यू, न आवडणारा शेजारी, या सगळ्यांना हे क्रियापद लागते. 'मला तो माणूस थोलत नाही' अशा नकारार्थी रचनेत ते विशेष ऐकू येते. तिथे आपण 'मला तो खपत नाही' म्हणू. स्कॉटलंडात निर्जीव वस्तूंसाठीही ते वापरतात. सूप अजून चिमूटभर मीठ 'थोलेल' म्हणजे तेवढे त्यात खपून जाईल, किंबहुना घातले तर बरेच होईल. 'टॉलरेट'शी त्याचा फरक असा की 'टॉलरेट' करणाऱ्याच्या हाती काही अधिकार असतो. सरकार एखादा पंथ टॉलरेट करते, शिक्षक वर्गातील गोंगाट टॉलरेट करतात, आणि मनात आले तर ते थांबवूही शकतात. थोलणाऱ्याच्या हाती असले काही नसते. म्हणूनच एखादी आजीबाई 'मी थोलीन' म्हणाली, तर वेदना कमी आहे असा त्याचा अर्थ परिचारिकेने घेऊ नये. वेदना आहे तेवढीच आहे, आजीबाईंनी फक्त तिच्याविषयी बोलायचे नाही असे ठरवले आहे.

उच्चाराचेही स्पष्ट करतो, कारण देवनागरीत 'थोल' लिहिले की आपण आपला महाप्राण 'थ' उच्चारतो. इंग्रजी ध्वनी तसा नाही. जिभेचे टोक दातांना हलके लावून हवा घासत बाहेर सोडायची. जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्रजीत, या ध्वनीसाठी जर्मानिक लोकांच्या प्राचीन रून लिपीतून घेतलेले 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षर होते, आणि हे क्रियापद 'थोलियन' असे त्या अक्षराने सुरू होत असे. ते अक्षर छपाईच्या काळात मागे पडले.

आता या 'थोलियन'चे जुने व्यवहार पाहू. दक्षिण इंग्लंडातील वेसेक्स या राज्याचा राजा इने याचे कायदे सातव्या शतकाच्या अखेरचे आहेत. पुढे नवव्या शतकात आल्फ्रेड राजाने ते आपल्या कायद्यांना जोडले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. त्यात रविवारी काम करण्याविषयी एक कलम आहे. धन्याच्या हुकमावरून गुलामाने रविवारी काम केले तर गुलाम मुक्त होतो आणि धन्याला तीस शिलिंग दंड पडतो; पण स्वतंत्र माणसाने धन्याचा हुकूम नसताना रविवारी काम केले, तर त्याने 'आपले स्वातंत्र्य थोलावे' असे शब्द आहेत. इथे 'सोसावे' हा अर्थ बसत नाही. स्वातंत्र्याला मुकावे, ते गमवावे, असा तो अर्थ आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदापुढे नाम षष्ठी विभक्तीत आले की 'वंचित होणे' असा अर्थ होत असे, आणि कायद्याच्या भाषेत ही रचना वारंवार येते. सोसण्यापासून गमावण्यापर्यंतचा हा प्रवास आपल्याला फारसा परका वाटू नये. आपणही नुकसान 'सोसतो', आणि तेव्हा सोसणे व गमावणे या दोन्ही गोष्टी त्या एका क्रियापदात येतात.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतील महाकाव्यात अर्थाची आणखी एक छटा दिसते. ग्रेंडेल नावाच्या राक्षसाच्या छळामुळे डेन (डेन्मार्कच्या) लोकांना जे भोगावे लागले, त्यासाठी तिथे हेच क्रियापद आहे, ते अपेक्षित आहे. पण काव्याच्या उत्तरार्धात म्हातारा झालेला बेओवुल्फ म्हणतो की 'ही तलवार थोलते आहे तोवर' मी लढत राहीन. म्हणजे तलवार टिकून आहे, निभावते आहे, तोवर. इ. स. ९९१ मध्ये एसेक्समधील मॉल्डन येथे व्हायकिंगांशी झालेल्या लढाईवरील काव्यातही असाच उपयोग आहे : लढाईआधीच्या सभेत मोठमोठ्या बाता मारणारे पुष्कळ होते, पण गरजेच्या वेळी त्यांना 'थोलायचे' नव्हते. निमूटपणे भोगणारा माणूस जसा थोलतो, तसा रणात पाय रोवून उभा राहणाराही थोलतो. शब्दाचे हे दुसरे अंग आजच्या बोलीत बरेच क्षीण झाले आहे, पण पूर्ण गेलेले नाही. 'जो थोलतो तो जिंकतो' या अर्थाची स्कॉटिश म्हण आहे, आणि तिच्यात तेच अंग बोलते.

मग असा सर्वसंचारी शब्द प्रमाण इंग्रजीतून गेला कसा? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची तीनेकशे वर्षे दरबार, न्यायालये आणि सरदारांची घरे फ्रेंच बोलत राहिली. त्या वाटेने 'सफर' आणि 'एन्ड्युअर' हे दोन शब्द आले आणि धर्मोपदेशाच्या लिखाणात रुळले. 'थोल' एका दिवसात हटला नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कवी चॉसर याने तो वापरलेला आहे, आणि ती जागा मोठी पाहण्यासारखी आहे. 'कँटरबरी टेल्स'मधील भिक्षूच्या कथेत गवताने भरलेली गाडी खोल चिखलात रुतून बसते. गाडीवान चाबूक हाणत ब्रोक आणि स्कॉट या नावांनी घोड्यांना हाकारतो, आणि वैतागून त्यांना शिव्या घालतो : सैतान तुम्हाला घेऊन जावो, तुम्ही शिंगरू म्हणून जन्मलात तेव्हापासून तुमच्यापायी मी किती 'थोलले' आहे! शेजारी खुद्द सैतान उभा असतो, आणि त्याच्यासोबतचा माणूस त्याला म्हणतो की हे घोडे आता तुझेच झाले, घेऊन टाक. सैतान मात्र शांतपणे सांगतो की हा मनापासून बोलत नाही.

या जागेवरून काही जण असा निष्कर्ष काढतात की चॉसरच्या काळी 'थोल' हा गाडीवानांच्या तोंडी शोभणारा खालच्या पातळीचा शब्द झाला होता. मी एवढे ताणणार नाही. ओळीच्या शेवटी तो आलेला आहे आणि आधीच्या ओळीच्या शेवटी 'शिंगरू म्हणून जन्मलेला' या अर्थाचा 'फोल्ड' हा शब्द आहे. 'फोल्ड' आणि 'थोल्ड' असे यमक जुळते. कवीला यमकाची गरज होती की पात्राच्या बोलीची, हे एका ओळीवरून ठरवता येत नाही. तो शब्द लंडनच्या श्रोत्याला समजत होता, एवढे मात्र त्यावरून नक्की म्हणता येते. त्यानंतरच्या शतकांत दक्षिणेकडील लिखाणातून तो ओसरत गेला.

उत्तरेत तो राहिला, त्याची माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले नॉर्स भाषेचे, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या जुन्या भाषेचे. ८७६ मध्ये डेन सरदार हाफडन याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांना वाटून दिली आणि ते तिथे शेतकरी म्हणून स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत याच अर्थाचा सख्खा शब्द 'थोला' होता. आजच्या आइसलँडिक भाषेत तो तसाच आहे, आणि स्वीडिश व डॅनिशमध्ये 'तोला', 'तोले' अशा उच्चारांनी चालतो. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन समाजांचा शब्द जवळजवळ एकच असेल, तर त्याला बळ मिळते. दुसरे कारण राजकीय आहे, आणि मला ते अधिक वजनदार वाटते. स्कॉटलंड हे वेगळे राज्य होते. तिथल्या सखल प्रदेशातील 'स्कॉट्स' ही भाषा जुन्या नॉर्थम्ब्रियन इंग्रजीतूनच वाढलेली असली, तरी दरबार, कायदा आणि काव्य यांची ती स्वतःची भाषा होती. लंडनमध्ये कोणता शब्द मागे पडला याची तिला फिकीर करण्याचे कारण नव्हते. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला, तेव्हापासून स्कॉट्स भाषेची प्रतिष्ठा घसरू लागली, पण तोवर 'थोल'ची मुळे तिथे घट्ट बसलेली होती.

रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये शेत नांगरताना उंदराच्या घरट्यावर नांगर गेल्याच्या प्रसंगावर कविता लिहिली, ती आपल्याकडेही पुष्कळांनी महाविद्यालयात वाचलेली असते. त्या उंदराने गवताच्या काड्या कुरतडून, वेचून घरटे बांधलेले. ते गेल्यावर त्याला आता ना घर ना दार, आणि समोर काय, तर हिवाळ्यातली बर्फमिश्रित रिपरिप आणि गोठलेल्या दवाचा गारठा 'थोलणे'. इथे बर्न्सला प्रमाण इंग्रजीतील 'एन्ड्युअर' ठाऊक नव्हता असे नाही, त्याच कवितेत तो एक संपूर्ण कडवे जवळजवळ शुद्ध पुस्तकी इंग्रजीत लिहितो. पण उंदराची हकीकत सांगताना तो स्कॉट्सकडे वळतो, आणि मला विचाराल तर कवितेतील थंडी त्या स्कॉट्स ओळींमध्येच खरी बोचते.

स्कॉटलंडच्या न्यायालयात या शब्दाला आणखी एक जागा मिळाली. फौजदारी खटल्यात ज्यूरीपुढे ज्याची सुनावणी एकदा पूर्ण होऊन निकाल लागला, त्याने 'आपले असाइझ थोलले' असे तिथला कायदा म्हणतो. असाइझ म्हणजे ज्यूरीपुढची सुनावणी. एकदा थोलले की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (२) मध्ये ज्या तत्त्वाला स्थान आहे, त्याच्याशी याचे जवळचे साम्य आहे. २०११ मध्ये स्कॉटिश संसदेने या विषयावर स्वतंत्र कायदा करून हे तत्त्व लिखित केले आणि नवा सबळ पुरावा मिळाल्यासारखे काही अपवाद घातले. एडिंबरामधून १९७७ साली बेपत्ता झालेल्या दोन तरुणींच्या खुनाच्या प्रकरणात अँगस सिंक्लेअर २००७ मध्ये सुटला होता. या नव्या कायद्यामुळे त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि २०१४ मध्ये तो दोषी ठरला. सातव्या शतकातल्या इनेच्या कलमात आणि एकविसाव्या शतकातल्या या खटल्यात एकच क्रियापद कायद्याच्या कामी आलेले पाहून मला अजूनही गंमत वाटते.

बेलफास्टपर्यंत तो कसा पोहोचला, हे आता सांगणे सोपे आहे. १६०९ पासून इंग्रज राजसत्तेने अल्स्टरमध्ये वसाहतीची योजना राबवली आणि तिच्याबरोबर सखल स्कॉटलंडातील शेतकरी मोठ्या संख्येने तिथे उतरले. त्यांच्याबरोबर हा शब्द आला आणि पुढे स्थानिक कॅथलिक कुटुंबांच्या इंग्रजीतही रुजला. कवी शेमस हीनी अशाच एका डेरी परगण्यातील कुटुंबातले. 'बेओवुल्फ'चा त्यांनी केलेला अनुवाद १९९९ मध्ये निघाला, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे की जुन्या इंग्रजीच्या शब्दसूचीत 'थोलियन' पाहताना आधी ते अक्षरच परके वाटले, आणि मग लक्षात आले की हा तर आपल्या घरातला शब्द. कुणाच्या घरी अवचित मृत्यू झाला की त्यांची आत्या म्हणायची, त्यांना आता थोलायला शिकावे लागेल. विद्यापीठात शिकलेली प्राचीन भाषा आणि घरात ऐकलेली 'अशिक्षित' बोली यांच्यामध्ये एक सलग वाट आहे, हे त्यांना या शब्दाने दाखवले.

बोलीतील शब्दाला 'अशुद्ध' म्हणण्याची सवय इंग्लंडातही जुनीच, आणि तिच्यावरचा सर्वांत मोठा उतारा जोसेफ राइट यांनी दिला. यॉर्कशरमध्ये १८५५ साली जन्मलेले राइट लहानपणी कापडगिरणीत कामाला होते. ते पंधराव्या वर्षी लिहा-वाचायला शिकले, पुढे हायडेलबर्गला डॉक्टरेट मिळवून ऑक्सफर्डमध्ये मॅक्स म्युलर यांच्यानंतर तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्यांनी सिद्ध केला. 'थोल'सारख्या शब्दाची परगण्यागणिक नोंद करण्याची शिस्त त्या कोशाने घालून दिली.

राहिला 'तुला'चा प्रश्न. पुण्याच्या परिचितांचा कान बरोबर आहे, दिशा चुकली आहे. संस्कृतमधून हा शब्द इंग्लंडला गेला नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांची शाखा) या शाखा फुटण्यापूर्वीच्या भाषेत 'उचलणे, पेलणे' या अर्थाचा एक धातू होता आणि प्रत्येक शाखेने तो आपापल्या परीने चालवला. ही चुलत भावंडे आहेत. केवळ ध्वनी जुळतो म्हणून मी असे म्हणत नाही, कारण नुसता ध्वनी जुळणे ही फार फसवी गोष्ट आहे. जर्मानिक शाखेत शब्दारंभीचा मूळ 'त' नियमाने त्या घर्षक 'थ'मध्ये बदलला, ही संगती याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडली. म्हणून 'तनु' आणि 'थिन', 'तृषा' आणि 'थर्स्ट', 'त्रि' आणि 'थ्री', 'तृण' आणि 'थॉर्न' या जोड्या लागतात. 'तुल्' आणि 'थोल' याच रांगेत बसतात. उलट 'टॉलरेट'मध्ये 'ट' शाबूत आहे, यावरूनच तो घरचा नसून लॅटिनमधून उचललेला आहे हे कळते.

अर्थाचे काय, असे कोणी विचारील; वजन करणे कुठे आणि सोसणे कुठे? दुवा 'उचलणे' हा आहे. वजन करायचे तर वस्तू उचलावी लागते. संस्कृतमध्ये हा मूळ अर्थ जिवंत आहे : 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात कालिदास कैलासाला 'पौलस्त्यतुलित' म्हणतो, आणि तिथे रावणाने पर्वताचे वजन केले नव्हते, तो उचलला होता. मराठीत खांबांनी छप्पर 'तोलून धरलेले' असते तेव्हाही तेच. ग्रीकांनी सोसण्याकडे वळण घेतले. होमर ओडिसियसला 'पोलुत्लास' म्हणजे बहुत सोसलेला म्हणतो. त्यांच्याच 'तलान्तोन' या शब्दाचा अर्थ आधी तराजू, मग एक वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी असा होत गेला, आणि बायबलमधील धन्याने नोकरांना सोपवलेल्या पैशाच्या दृष्टांतामुळे 'टॅलेंट' म्हणजे अंगचा गुण असा अर्थ इंग्रजीत आला. जर्मन भाषेत सहनशीलतेला 'गेडुल्ड' म्हणतात, तोही याच कुळातला. एवढेच नव्हे, तर सोन्याच्या बाजारातील 'तोळा' हाही संस्कृत 'तोलका'च्या वाटेने याच धातूवर येतो. ब्रिटिश अमदानीत १८३३ मध्ये तो १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम असा ठरवला गेला आणि इंग्रजी कोशातही जाऊन बसला. तेव्हा आजच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'थोल', 'टॉलरेट', 'टॅलेंट' आणि 'तोळा' हे चार शब्द चार वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत, आणि मूळ एकच आहे. 'सफर' मात्र या कुळातला नाही. त्याच्या पोटात लॅटिन 'फेर्रे' आहे, आणि तो आपल्या 'भृ' धातूचा, म्हणजे 'भार'चा नातलग.

शेवटी एक सावधगिरी. कोशात 'थोल'ची आणखी एक नोंद आढळेल : नावेच्या कडेला वल्हे टेकवण्यासाठी ठोकलेली खुंटी. ती वल्ह्याचा जोर सोसते म्हणून तिला हे नाव पडले, असे स्पष्टीकरण कोणी दिले तर ते मानू नये. तो जुन्या इंग्रजीतला वेगळा शब्द, खुंटी किंवा मेख या अर्थाच्या एका नामातून आलेला आहे, आणि चांगले कोश या दोहोंना दोन स्वतंत्र नोंदी देतात.